दोर सोडायचा

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवताना नव्या मुलाच्या हातून स्टे मोडला. फोन ठेवल्यावर मी व्हिडिओ बघत बसले. ती घंटा तोंड वर करून उभी, तिला टेकू त्या एका लाकडी दांडक्याचा, म्हणजे स्टेचा. तो मोडला की दोन-चारशे किलोचं धूड चाकासकट गरगरत सुटणार आणि दोर धरून बसलेला माणूस वर खेचला जाणार. तेव्हा असं काही झालं तर दोर सोडायचा. मागेपुढे बघायचं नाही.

एवढंच लिहायचं होतं.

पण तू प्लेन बॉब डबल्स, म्हणजे पाच घंटा दर ओळीला क्रम बदलून वाजवायची ती रचना, शिकतेस म्हटल्यावर मीही वहीत घंटांचे आकडे मांडले. १२३४५, मग २१४३५, मग २४१५३. एका वेळी एकच घर सरकायचं. ट्रेबल, म्हणजे एक नंबरची घंटा, पुढे आली की दुसऱ्या जागेवरची तिथेच थांबते, तिसऱ्या-चौथ्या जागेवरच्या डॉज करतात, म्हणजे एक पाऊल उलटं घेतात, आणि चाळीस ओळींनी पुन्हा १२३४५. तू हे कागद न बघता, दोर ओढता ओढता करणार! नानांना सांगितलं, तर म्हणाले, "पाढे कुणी पाठ करून घेतले होते?"

१७१५ मध्ये तिकडे इंग्लंडात, तुझ्या नॉरिचलाच, सेंट पीटर मॅनक्रॉफ्टमध्ये, ५०४० ओळी एकही पुन्हा न येता वाजवल्या म्हणे, तीन तासांच्या वर. त्या लोकांच्या आया तेवढा वेळ काय करत असतील?

आपल्या पंचहौदच्या मनोऱ्यातही आठ घंटा आहेत. त्या चर्चचं नाव निघालं की माझ्या आजीला टिळक-रानड्यांच्या चहाचं ग्रामण्यच आठवायचं. तिची पणती आता चर्चमध्ये घंटा वाजवते, हे बरं झालं तिला कळलं नाही. मला विचारशील तर मी शेजारी सगळ्यांना सांगून बसले आहे.

वाईला नागपंचमीला झोक्याची फांदी मोडली, तेव्हा बाकीच्या पोरींनी उड्या टाकल्या. तू तेवढी दोर घट्ट धरून पारावर आदळलीस. कोपर अजून दुखतं का गं थंडीत? हातातलं सोडायचं म्हणजे तुझ्या जिवावर येतं, म्हणून म्हणते. सॅली, ती दोरावरची लोकरीची मूठ, तीसुद्धा दर वेळी वेळेवर सोडावी लागते ना? केस बांधून जा. ओढणी नको, गळ्यात लोंबणारं काही नको. खाली दोराची वेटोळी पडतात, त्यात पाय नको.

पुरे. शिकवणारे तिथे आहेत, मी इथून कशाला अक्कल शिकवतेय. रागावू नकोस.

रविवारी तिसरी घंटा तुझ्याकडे, म्हणालीस. इथे तेव्हा दुपार असेल. मी फोन करणार नाही. संपलं की मेसेज टाक, वाजवून संपल्यावर तुम्ही म्हणता तसं नुसतं 'दॅट्स ऑल' लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आई

ता.क. कैलासजीवनच्या दोन डब्या पाठवल्या आहेत. बाबा म्हणतात, तिकडेही मिळत असेल काहीतरी. असू दे.