पोचले, काकू

काका-काकू, नमस्कार.

"पोचलीस की कळव," असं काकू निघताना म्हणाल्या आणि मी "हो" म्हणून पेडल मारलं. नंबर घ्यायचा राहिला. नावंही विचारली नव्हती. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्यापर्यंत पोचावं, एवढीच इच्छा.

पावसात लादलेली सायकल ढकलत तुमच्या फाटकाशी आलेली ती मुलगी मी. प्रवासाचा 19 वा दिवस होता. मागच्या चाकाचा, साखळीच्या बाजूचा स्पोक तुटला होता. ओझं असलं की बहुधा तिकडचाच तुटतो, कारण गियरच्या चकत्यांना जागा करून द्यायला त्या बाजूचे स्पोक जास्त ताणून बांधलेले असतात. जादा स्पोक होता, पण तो घालायला चकत्या काढाव्या लागतात आणि ते हत्यार माझ्याकडे नव्हतं. रिम आउट होऊन ब्रेकला घासत होती. त्यात पिसांची स्लीपिंग बॅग भिजलेली. पिसं ओली झाली की ऊब उरत नाही. त्या रात्रीची मला खरंच भीती वाटत होती.

काका, मला पाहून तुम्ही आधी काकूंना हाक मारलीत. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहीपर्यंत पुढे आला नाहीत. घरात चल, असं एकदाच म्हणालात, माझा संकोच पाहिलात आणि शेड उघडून दिलीत. "कडी आतून आहे," एवढंच सांगितलंत. एकट्या फिरणाऱ्या बाईला त्या तीन शब्दांनी किती धीर येतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल का? वाटेत पाणी देणारे, रस्ता सांगणारे पुष्कळ भेटले, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण त्या रात्री मी गाढ झोपले, ती त्या कडीमुळे.

सिमेंटमध्ये खुंट्या जाईनात, तर काकूंनी विटा आणून तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधल्या. ओली बॅग काही न बोलता आत नेली आणि दोन रजया ठेवून गेल्या.

मग चाक. तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंना साखळीकडचे जे स्पोक होते ते पाव पाव फेरा आवळायचे, पलीकडचे तेवढेच ढिले करायचे, चाक फिरवून पाहायचं, पुन्हा तेच. पाऊण तास गेला. काका, तुम्ही टॉर्च धरून बसला होतात. "आण इकडे, मी करतो," असं एकदाही म्हणाला नाहीत. गारठ्यानं माझे हात थरथरत होते, पण तुमचा उजेड हलला नाही.

सकाळी गाडीतून सोडू का, विचारलंत. सगळी वाट सायकलनंच जायचं ठरवलंय म्हटल्यावर आग्रह केला नाहीत. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर रस्ता काढून दिलात: पाणी कुठे, चढ कुठे संपतो, कुठल्या वळणापुढे खड्डे आहेत. तिथे मी उतरून सायकल ढकलली. 36 पैकी 35 स्पोकवर दुकान गाठलं आणि तिथे नवा स्पोक बसला. नंतर एकही तुटला नाही.

पाकीट हँडलच्या पिशवीत आहे. शाई फुटलीय, पण तुम्ही दोनदा गिरवलेलं ते वळण अजून दिसतं.

काकू, मी सुखरूप पोचले.