एका मुलासाठी कुपी फोडा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरून लिहितो आहे. होळीनंतर बाराव्या दिवशी माझी अकरा महिन्यांची भाची गोवराने गेली. आधी अंगभर पुरळ, मग छाती भरली. झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथेच तिचा श्वास थांबला.

नऊ महिने भरले तेव्हा बहीण तिला कडेवर घेऊन दोन तास चालत लसीकरणाला गेली होती. तिथे दोनच मुलं आलेली. दहा डोसांची कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेले डोस फुकट जातात, म्हणून "पुढच्या महिन्यात या" असं सांगून परत पाठवलं. पुढच्या महिन्यात कुणी आलंच नाही. एका मुलासाठीही कुपी फोडा, असं सरकारच्याच सूचनांत आहे ना? चाळीस घरांचा पाडा आमचा. एका वेळी दहा तान्ही पोरं कुठून आणायची?

ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं होळीला परततात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सगळे पाडे एकत्र येतात. गोवर त्यांच्यासोबत येतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो. लस नसेल तर एकापासून बारा ते अठरा जणांना होतो. आडबाजूला राहणारे वाचतात, हे खोटं आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर १७८१नंतर पासष्ट वर्षं गोवर नव्हता. १८४६मध्ये आला आणि पावणेआठ हजारांतली सुमारे सहा हजार माणसं आजारी पडली. १७८१मध्ये ज्यांना होऊन गेला होता, ते म्हातारे तेवढे सुटले. पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटांच्या देशात २०१९च्या साथीत ८३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. रोग जितका उशिरा येतो, तितकी बिनलसीची पोरं साठत जातात.

आणि तुम्ही जिल्ह्याची टक्केवारी बघता! जिल्ह्यात पंच्याण्णव टक्के भरले तरी उरलेल्या पाचांत आमचा अख्खा पाडा असतो. २०२३पर्यंत गोवर संपवायचा होता, ते सालही गेलं. पोरं कमी म्हणून शाळा बंद, घरं कमी म्हणून रस्ता नाही, आता पोरं कमी म्हणून लस नाही. मतदानाचं यंत्र मात्र डोक्यावर वाहून इथवर आणता, तेव्हा मतं किती हे कुणी विचारत नाही.

बहीण अजून कुणाशी बोलत नाही. तिच्या शेजारच्या घरात आठ महिन्यांचा मुलगा आहे. पुढच्या महिन्यात त्याची पाळी. त्या दिवशी तो एकटाच असेल. त्याच्यासाठी कुपी फोडा.

आपला,
त्या मुलीचा मामा