फॉन्ट एकाच्या खात्यात नको, सगळ्या यंत्रासाठी टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. संगणक कक्षाची किल्लीही माझ्याकडेच असते. कक्षात १२ जुने संगणक आहेत आणि परवान्याचे पैसे लागत नाहीत म्हणून सगळ्यांवर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत कार्यप्रणाली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट समाधानच आहे. पण यंदा जे घडलं ते इतर शाळांत आणि गावोगावच्या वाचनालयांत घडू नये, म्हणून हे पत्र.

मुलांनी आजी-आजोबांच्या आठवणी अहिराणीत लिहून काढल्या. त्यांचा अंक मी लिब्रेऑफिस या लेखनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये 'मुक्ता' फॉन्टात जुळवला. नेमकी ३२ पानं झाली. मुद्रितं तपासायला मुलांनी तीच फाइल 'विद्यार्थी' या खात्यातून उघडली. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आठे येगळंच दिसी ऱ्हायनं." जाऊन पाहिलं. 'ऱ्हायनं'मधला कोयत्यासारखा वळलेला र गेला होता. त्याच्या जागी खाली टिंब असलेला, पाय मोडलेला र, आणि पुढे ह सुटा उभा. 'पऱ्हाटी'चं तेच, 'तऱ्हाडी' या गावाच्या नावाचंही तेच. पानं ३५ झाली होती. आपल्या बोलीत तर हा र वाक्यावाक्याला येतो.

मुलीला वाटलं, तिच्याच हातून काही बिघडलं. तिचा काहीच दोष नव्हता. फॉन्टच्या फाइलवर दोनदा क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबलं की तो फक्त आपल्या खात्यातल्या लपलेल्या फोल्डरात जातो. दुसऱ्या खात्याला तो दिसतच नाही. लिब्रेऑफिस मग हाताशी असेल तो फॉन्ट गुपचूप वापरतं. वर चौकटीत नाव मुक्ताच राहतं, फक्त तिरप्या अक्षरांत.

उपाय पाच मिनिटांचा आहे. फॉन्टच्या फाइली प्रशासकाच्या अधिकाराने 'यूएसआर' मधल्या 'लोकल', त्यातल्या 'शेअर' आणि त्यातल्या 'फॉन्ट्स' या फोल्डरात ठेवायच्या आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फॉन्टांची यादी ताजी करणारी 'एफसी-कॅश' (fc-cache) ही आज्ञा द्यायची. मी पहिल्यांदा एवढं करूनही मुलांना फॉन्ट दिसेना. फाइल वाचायची परवानगी फक्त प्रशासकालाच राहिली होती, ती सर्वांना दिली तेव्हा काम झालं. अर्धी दुपार त्यात गेली, म्हणून मुद्दाम लिहितो.

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता असो की गूगलचा नोटो, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. कितीही यंत्रांवर टाकायला आडकाठी नाही. जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामायिक संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टांत टंकलेले कागद मात्र याने सुटत नाहीत, ते युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावे लागतात.

आणखी एक. मजकुराची भाषा हिंदी नोंदलेली असेल, तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे उमटवतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. आम्ही फळ्यावर तोच गिरवून घेतो आणि पडद्यावर मुलं दुसराच पाहतात. भाषा 'मराठी' निवडली की अशा फॉन्टांत आपली अक्षरं परत येतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये जे कोणी शाळांना यंत्रं बसवून देतात, त्यांना माझी विनंती आहे: ताबा देण्याआधी यंत्रावरच्या प्रत्येक खात्यातून मराठीचं एक पान उघडून दाखवा आणि त्या पानावर 'पऱ्हाटी' हा शब्द असू द्या. शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणातही या कामाला अर्धा तास मिळावा. आमचा अंक आता पुन्हा ३२ पानांचा झाला आहे, पुढच्या आठवड्यात छापायला जाईल.

आपला,
एक मराठी शिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव