लसीचा बॅच नंबर कुठाय? आरोग्यमंत्र्यांना एक खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, डिसेंबरात गावी आले असताना मला कुत्रा चावला. रेबीजची लस मी तिथेच सुरू केली. आता मेलबर्नला परतल्यावर त्याच चाव्यासाठी तीच लस पुन्हा पहिल्यापासून घेते आहे, कारण महाराष्ट्रात माझ्या दंडात जे टोचलं ते नेमकं काय होतं हे सांगणारा एकही कागद माझ्याजवळ नाही.

पत्र आजच लिहायचं कारणही सांगते. काल तुमच्या सरकारी तक्रार पोर्टलवरून मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." उघडून पाहिलं तर शेरा होता, "संबंधित रुग्णालयात लस उपलब्ध आहे." साहेब, लस नाही अशी माझी तक्रारच नव्हती. मी एवढंच विचारलं होतं की मला दिलेल्या लसीचं नाव काय आणि बॅच नंबर काय. ज्यांनी तक्रार निकाली काढली त्यांनी ती वाचण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या तिथल्या एखाद्या सिस्टरची बदली होईल आणि प्रश्न मिटल्याचं जाहीर होईल. त्या सिस्टर बिचाऱ्या चांगल्या होत्या. तालुक्याचं गाव आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, एसटी स्टँडच्या मागे कचऱ्याचा ढीग आहे आणि ढिगावर कुत्री आहेत. एवढ्या वर्णनात तुमचे निम्मे तालुके बसतात.

सकाळी दूध आणायला निघाले होते. मागून आलेल्या कुत्र्यानं पोटरी धरली, सोडली आणि पुढे जाऊन आमच्याच आळीतल्या क्लासला निघालेल्या पोराच्या हाताला धरलं. मी घरी येऊन नळाखाली पाय धरला, साबण लावून पंधरा मिनिटं धुतला. शेजारच्या काकू वाटीभर तिखट घेऊन आल्या होत्या, जखमेत भरायला. त्यांना कसंबसं थांबवलं. 2026 साल उजाडत होतं आणि आमच्या आळीतला पहिला उपचार अजून लाल तिखट! तुमच्या खात्याची पोस्टर्स लागतात, पण रुग्णालयाच्या आतल्या भिंतीवर. तिथपर्यंत पोचलेल्याला ती वाचून काय उपयोग?

रुग्णालयात केसपेपर निघाला. सिस्टर म्हणाल्या, "बसा ताई, अजून दोघं-तिघं येऊ द्या, मग वायल फोडते." हा हिशोब मला पटतो, हे आधीच सांगते. सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात, दोन्ही दंडांवर 0.1 मिली. एका वायलमध्ये, म्हणजे लसीच्या बाटलीत, अनेक जणांचं भागतं, आणि फोडलेली वायल त्याच दिवशी संपवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेला मान्य असलेली पद्धत आहे, गरीब देशांना परवडणारी आहे. तक्रार तिच्याबद्दल नाही. बाकड्यावर मी होते, तो पोरगा आणि त्याची आई होती, थोड्या वेळानं मांजर ओरबाडलेले एक आजोबा आले. गिऱ्हाईक भरल्याशिवाय वडाप सुटत नाही, तसं आमचं चाललं होतं. मग वायल फुटली. मला आणि त्या पोराला एकाच वायलमधून टोचलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढचा घोळ सीरमचा. रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम. नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि तिच्याभोवती तयार प्रतिपिंडं, म्हणजेच हे सीरम, भरावी लागतात, कारण लसीनं शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवेपर्यंत मध्ये बरेच दिवस जातात. ग्रामीण रुग्णालयात म्हणाले, "ते आमच्याकडे नसतं, सिव्हिलला जा." सिव्हिलला गेलो तर "संपलंय, इंडेंट टाकलंय." मग चिठ्ठी, मग बाहेरचं मेडिकल, मग काही हजारांचं बिल. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत, अशी घोषणा तुमच्याच सरकारनं केली होती ना? घोषणा खोटी नव्हती म्हणा. जे उपलब्ध नाही ते मोफतच असतं.

माझ्याकडे कार्ड होतं, मी ते मशीनवर टेकवलं. त्या पोराचे वडील ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर आहेत. त्याला सीरम मिळालं ते सिव्हिलमध्ये माल आल्यावर, दोन दिवसांनी. ते दोन दिवस त्याच्या आईनं कसे काढले असतील, हे तुमच्या कुठल्या रकान्यात भरतात?

आणि हे सगळं पुण्याच्या अंगणात! रेबीजची लस पुण्यात बनते, जखमेत भरायचं मोनोक्लोनल अँटीबॉडीचं आधुनिक औषधसुद्धा पुण्यात बनतं, तिथून ते परदेशात जातं. आमच्या तालुक्याला मात्र त्याची वाट सापडत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. मला जे कार्ड मिळालं ते म्हणजे केसपेपरच्या कोऱ्या मागच्या बाजूचा फाडलेला तुकडा. त्यावर निळ्या शाईत "ए.आर.व्ही." (म्हणजे रेबीजची लस), खाली तारखा, तारखांपुढे बरोबरची खूण. एका खुणेवर पाणी सांडलेलं. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, कातडीत दिली की स्नायूत तेही नाही. सातव्या दिवसाचा डोस पुण्यात एका खाजगी दवाखान्यात घेतला, तर तिथल्या बिलावर नुसतं "इंजेक्शन". वायलवरचं स्टिकर काढून कागदावर चिकटवायला किती वेळ लागतो? माझ्या आईच्या औषधांच्या पाकिटांवर एक्स्पायरी असते, वाण्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावर बॅच नंबर असतो. ज्या रोगाची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास हमखास जातो, त्याच्या लसीच्या कागदावर तेवढा नाही.

इथे मेलबर्नमध्ये पुढच्या डोससाठी डॉक्टरांकडे गेले. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांमध्ये रेबीज नाही, वटवाघळांत त्याचा चुलतभाऊ आहे तेवढाच. त्यामुळे बाईंनी सरळ संगणकावर लसीकरणाचं हँडबुक उघडलं आणि माझ्यासमोर ओळ न् ओळ वाचलं. मग प्रश्न. कुठली लस? किती मात्रा? कातडीत की स्नायूत? बॅच? मी तो तुकडा पुढे केला. बाईंनी तो उलटा करून पाहिला, तर मागच्या बाजूला कुणाच्या तरी ब्लडप्रेशरची नोंद होती.

आणि मग त्यांनी पडद्यावर ते पत्रक दाखवलं. ऑस्ट्रेलियाच्या लसीकरण सल्लागार गटानं डिसेंबर 2025 मध्ये इशारा दिला आहे की 1 नोव्हेंबर 2023 पासून भारतात रेबीजच्या एका ब्रँडच्या बनावट लसी फिरत आहेत, म्हणून त्या काळात भारतात तो ब्रँड घेतलेल्यांचे डोस ग्राह्य न धरता ते पुन्हा द्यावेत. ब्रँडचं नाव तुमच्या टेबलावरच्या वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. कंपनीनं खुलासा केला की बनावट बॅच एकच होती, ती आम्हीच जानेवारी 2025 मध्ये पकडली, यंत्रणांना कळवलं, आताचा माल सुरक्षित आहे. असेलही. कंपनीशी माझं भांडण नाही, मला दिलेली लस तिची होती की नाही हेच तर मला माहीत नाही. पण साहेब, जानेवारीत जे यंत्रणांना कळलं होतं ते मला डिसेंबर उलटल्यावर मेलबर्नच्या दवाखान्यात कळावं? मधले महिने यंत्रणा काय करत होत्या? एक पत्रक काढून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर चिकटवता आलं नसतं? उद्घाटनांचे फ्लेक्स बरे रातोरात लागतात!

नोंद नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी काय करायचं? त्यांनी व्हिक्टोरियाच्या आरोग्य खात्याला फोन लावला आणि नव्यानं सुरुवात केली. लस खात्यानं पाठवली, फुकट. महाराष्ट्राच्या कुत्र्याच्या चाव्याचा खर्च ऑस्ट्रेलियाचा करदाता उचलतो आहे. परदेशी गुंतवणूक आणल्याच्या आकड्यांत हेही धरायला हरकत नाही.

इंजेक्शनं परत घ्यावी लागली याचं दुःख मला फारसं नाही, दंड दुखतो आणि थांबतो. माझ्या रात्री गेल्या त्याचं काय? हा रोग आठवडे, महिने, कधी वर्षभरही अंगात गप्प राहू शकतो, हे एकदा वाचलं की झोप लागत नाही. रात्री तीनला उठून मी स्वयंपाकघरात जाते, पेलाभर पाणी घेते आणि घोट घशाखाली नीट उतरतो का ते पाहते. पोटरीवर व्रण आहे, तिथे जरा मुंग्या आल्या की ऑफिसात मीटिंगमध्ये बसून मी पाय चाचपते. नवरा म्हणतो आता पुरे. त्याला मी काय दाखवू, तो निळ्या शाईचा तुकडा? खरी लस मिळाली असेल तर ही सगळी भीती फुकटची आहे. पण "असेल तर" यावर माणूस किती रात्री काढणार?

तुमचे आकडेही एकदा बघा. 2024 मध्ये देशात कुत्रे चावण्याच्या 37 लाखांवर नोंदी, आणि मृत्यू किती? संशयित, 54. लॅन्सेट गटाच्या नियतकालिकात भारतीय संशोधकांचाच अंदाज आहे वर्षाला 5,700 हून जास्त. जागतिक आरोग्य संघटना तर 18 ते 20 हजार म्हणते. म्हणजे तुमच्या एका मृत्यूमागे शंभर ते साडेतीनशे माणसं कागदाबाहेर मरतात. एवढा फरक तर मतदार यादीतही पडत नसेल! 37 लाखांपैकी महाराष्ट्राचा वाटा 4 लाख 85 हजार, देशात सर्वांत जास्त. पहिल्या नंबरची आपल्याला हौस आहेच.

आणि दाद मागायची कुणाकडे? कुत्रा नगरपरिषदेचा, म्हणजे नगरविकास. नसबंदीचं टेंडर नगरपरिषदेचं, नियम केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचे. लस टोचायची तुम्ही, लस बनावट आहे का बघायचं अन्न व औषध प्रशासनानं, खरेदी करायची आणखी एका प्राधिकरणानं, आधी ती हाफकिन महामंडळाकडे होती. कचरा तर कुणाचाच नाही. भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालय 2025 च्या ऑगस्टमध्ये एक सांगतं, अकरा दिवसांत त्यात दुरुस्ती करतं, नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, एसटी स्टँडवरून कुत्री हटवा म्हणतं. आमच्या स्टँडमागची कुत्री बहुधा निकालपत्राच्या प्रतीची वाट बघत बसली आहेत. सगळी खाती मिळून 2030 पर्यंत रेबीज संपवणार, असा आराखडा 28 सप्टेंबर 2021 ला दिल्लीत प्रकाशित झाला. त्याच वर्षी शेजारच्या गोव्यानं रेबीज नियंत्रित राज्य असल्याचं जाहीर केलं, त्याआधीच्या तीन वर्षांत माणसाचा एकही मृत्यू नाही असं सांगून. त्यांनी जादू केली नाही. घरोघर, गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लस टोचली, वर्षानुवर्षं. आपण मात्र कुत्रा चावण्याची वाट बघतो, चावल्यावर माणसं जमण्याची वाट बघतो आणि मग माल येण्याची.

"परदेशात राहता, तुम्हाला काय बोलायचंय," असं म्हणणारे येतीलच. त्यांना सांगते, परदेशात राहते म्हणूनच मला कळलं. गावातच राहिले असते तर तो कागदाचा तुकडा देवघराच्या फळीवर ठेवून निर्धास्त झाले असते.

मागण्या मोठ्या नाहीत. लसीचं नाव, बॅच नंबर आणि ती कातडीत दिली की स्नायूत, हे प्रत्येक पेशंटच्या कार्डावर लिहिण्याचा आदेश काढा. परिपत्रकाला एक पान लागेल. बनावट बॅच महाराष्ट्रात कुठे पोचली होती का, पोचली असल्यास कुणाला टोचली गेली, ते जाहीर करा. आणि सीरम तालुक्याला ठेवा.

चौथी गोष्ट तातडीची आहे. माझ्या इथल्या डॉक्टरांनी सगळं नव्यानं सुरू केलं हे गावात कळलं, आमच्या आळीत काय लपतं? परवा त्या पोराच्या आईचा फोन आला होता. "ताई, आमच्या पोराला पण तुमच्याच बाटलीतलं टोचलं होतं. त्याला परत घ्यायला लागंल का?" सिस्टरना विचारून झालं, त्यांना माहीत नाही. सिव्हिलला विचारलं, ते म्हणाले वरून काही आलेलं नाही. त्या दिवशीच्या लसीच्या साठ्याची नोंद तुमच्याच रजिस्टरात असणार, कुणीतरी ते उघडायचं आहे. तारीख, वेळ, रुग्णालय, सगळं माझ्या निकाली काढलेल्या तक्रारीत लिहिलेलं आहे. तिचा फोन पुन्हा येईल. तिला हो सांगू की नाही, तेवढं या आठवड्यात कळवा.

आपली,
गावच्या मतदार यादीत नाव असलेली एक बाई
सध्या मुक्काम मेलबर्न