ढेकणांच्या गोळीबद्दल, मनूला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

खोलीतली मैत्रीण ढेकणांसाठी बाजारातून कसलीशी गोळी आणणार आहे, असं तू फोनवर सहज बोलून गेलीस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं आत्ताच ऐक. ती गोळी खोलीत येऊ द्यायची नाही. आणलीच असेल तर पाकीट फोडू नका, त्याला पाणी लागू देऊ नका आणि मालकांना लगेच सांगा.

धान्याच्या गोदामात किडीसाठी ठेवतात ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी लोक घरात ढेकणांसाठी वापरतात. हवेतल्या नुसत्या ओलाव्यानेही तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटू लागतो. तुम्ही दार लावून बाहेर गेलात तरी तो दाराखालून, भिंतीतल्या फटींतून शेजारी झोपलेल्या मुलींपर्यंत पोचतो. मळमळतं, उलट्या होतात, श्वास कोंडतो, आणि या विषावर उतारा नाही. म्हणूनच कायद्याने ती सर्वसामान्य माणसाला विकायला बंदी आहे, तरी दुकानात मिळते याचा मला संताप येतो. ढेकणांच्या पायी आपल्याकडे माणसं अशी जिवानिशी गेली आहेत. खोलीत कुणी ती ठेवली असं कळलं तर सगळ्यांना घेऊन तडक मोकळ्यावर ये आणि कुणाला त्रास होत असेल तर थेट मोठं हॉस्पिटल गाठ.

आता ढेकणांचं. तू इतक्या दबक्या आवाजात का सांगत होतीस? ढेकूण अस्वच्छतेने होत नाहीत. त्यांना माणसाचं रक्त लागतं, कचरा नाही. कुणाच्या बॅगेतून, जुन्या कॉटमधून, बसच्या सीटवरून येतात. 2023 साली पॅरिसमध्ये रेल्वेपासून सिनेमागृहांपर्यंत ढेकणांची ओरड झाली होती. लाजून गप्प बसलं की त्यांना वाढायला वेळ मिळतो, म्हणून मजल्यावरच्या सगळ्या मुलींना सांग. एकट्या तुमच्या खोलीत औषध मारलं तर ते पाइपाच्या भोकातून पलीकडे जातात आणि पुन्हा येतात. मालक ‘तुम्हीच आणले’ म्हणतील. वाद घालू नकोस, फोटो काढून लेखी कळव.

आधी ते ढेकूणच आहेत ना, हे बघ. नुसत्या गांधी उठल्या म्हणून ठरवू नकोस, त्या डासांनीही उठतात, आणि कित्येकांच्या अंगावर ढेकूण चावल्याची खूणही उमटत नाही. टॉर्च घेऊन गादीची शिवण, कॉटचे सांधे, स्क्रूची भोकं, पलंगामागचा स्विचबोर्ड तपास. शाईसारखे काळे ठिपके, पिलांनी टाकलेली फिकट कात आणि मसुरीच्या दाण्याएवढा चपटा, तपकिरी किडा दिसेल. अंडी पांढरी, जेमतेम एक मिलिमीटरची, फटीला चिकटलेली. चावण्याने त्यांच्याकडून रोग पसरतो असं आढळलेलं नाही, तेव्हा ती भीती काढून टाक. खाजवून जखमा मात्र करू नकोस. अंग फारच सुजलं तर डॉक्टरांना दाखव.

त्यांना खरी मारते ती उष्णता. पन्नास अंशांपुढे अंडीसुद्धा टिकत नाहीत. माझ्या आजोळी सुतळीच्या खाटा अंगणात काढून त्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतत, ते अगदी बरोबर होतं. तुमची कॉट लोखंडी असेल तर तेच करा, फक्त हातपाय सांभाळून आणि स्विचबोर्डापासून लांब. प्लायवूडची असेल तर वाफेचं यंत्र भाड्याने मिळतं का बघ. चादरी, अभ्रे, कपडे खोलीतच पिशवीत बांधून मग धुवायला ने, आणि कडकडीत गरम पाण्यात धू. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, ते आत सावलीला सरकतात. रॉकेल मुळीच नको, आग लागेल. दुकानातल्या फवाऱ्यावरही फार विसंबू नकोस. पुष्कळ ढेकणांना ती औषधं आता लागू पडत नाहीत. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण तर 1947 सालीच हवाई बेटांवर सापडले होते.

कॉट भिंतीपासून दूर ओढ, चादर जमिनीला टेकू देऊ नकोस. आणि कंटाळून मैत्रिणीच्या खोलीत झोपायला जाऊ नकोस. ते तुझ्या पांघरुणातून तिकडेही जातील.

एवढं करूनही परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला लागेलच. तो आला की औषधाचं नाव विचार, किती तास खोलीबाहेर राहायचं ते विचार आणि दुसऱ्या फवारणीची तारीख तेव्हाच ठरवून घे. साधारण दोन आठवड्यांनी ती हवीच. पहिल्या फवारणीतून अंडी वाचतात आणि आठ-दहा दिवसांत त्यातून पिलं निघतात. माणूस ‘एकदाच पुरे’ म्हणाला तर दुसरा बघा. काहीच न खाता ढेकूण महिनोन्‌महिने जगतो, म्हणून आठवडाभर चावलं नाही तरी तपासणं सोडू नका.

मालकांनी पैशांवरून खळखळ केली तर बाबा देतील, त्यासाठी थांबू नकोस. शनिवारी घरी ये. ढेकणांच्या भीतीने यायचं टाळू नकोस. सॅक थेट गच्चीवर ठेवू, कपडे उकळत्या पाण्यात टाकू. औषधाचं नाव कळलं की मला मेसेज कर, आणि त्या मैत्रिणीशी आज रात्रीच बोल.

तुझी,
आई