मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे साहित्य द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळूर

महोदय, सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका हायस्कूलमध्ये मी आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. इथल्या पालकांनी आणि माझ्या सहकाऱ्यांनीही वाचावे म्हणून हे पत्र मराठीत लिहिले आहे. त्याची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहे. सीमाप्रश्नाबद्दल मला यात काही म्हणायचे नाही. मागणी शाळेपुरती आहे. बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलांसाठी इंग्रजीचे पूरक साहित्य मुलांच्या घरच्या भाषेवरून तयार करावे, आणि ते इथल्याच शिक्षकांकडून करून घ्यावे.

आधी व्याकरणाचे बोलतो. मुले कुठे अडखळणार हे आम्हाला पेपर तपासायच्या आधीच ठाऊक असते. ‘मला दोन बहिणी आहेत’ असे घरी बोलणारे मूल ‘टू मी टू सिस्टर्स आर’ असे लिहून मोकळे होते. ही आळसाची चूक नव्हे. मराठीत नाती असणे, भूक लागणे, एखादी गोष्ट आवडणे किंवा आठवणे, सगळे ‘मला’वर चालते. इंग्रजीत तिथे ‘आय’ बसतो आणि त्याच्याबरोबर क्रियापदही बदलते. हे एकदा मराठी वाक्ये फळ्यावर लिहून समजावले की मूल ‘आय हॅव टू सिस्टर्स’पाशी आपले आपण पोचते. नुसता इंग्रजी नियम वाचून दाखवला तर तो पाठ होतो आणि परीक्षेनंतर जातो.

‘ए’ आणि ‘द’ यांचेही तसेच. मराठीत असे शब्द नाहीत म्हणून मुलांना ते समजत नाहीत, असे प्रशिक्षणात नेहमी सांगितले जाते. मला ते पटत नाही. ‘विहिरीत कुत्रा पडलाय’ म्हटले तर कुठला तरी कुत्रा, आणि ‘कुत्रा विहिरीत पडलाय’ म्हटले तर आपला, ओळखीचा कुत्रा. हा फरक आठवीतल्या कुठल्याही पोराला ऐकताक्षणी कळतो. इंग्रजी तोच फरक ‘ए डॉग’ आणि ‘द डॉग’ने दाखवते. म्हणजे जाण मुलाजवळ आहे, ती कामाला लावणारे पान पुस्तकात नाही.

रिपोर्टेड स्पीच, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात सांगणे, हा दहावीतला सगळ्यात नावडता भाग. आमच्या खेड्यातले मूल ‘मी उद्या येतो म्हणून तो सांगितला’ असे बोलते. पुण्याचे मूल ‘मी उद्या येतो असं त्याने सांगितलं’ असे बोलेल. दोघांच्याही बोलण्यात ‘मी’, ‘उद्या’ आणि ‘येतो’ जागचे हलत नाहीत. इंग्रजीत ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘विल कम’चे ‘वुड कम’ होते, ‘टुमारो’चे ‘द नेक्स्ट डे’ होते. हे बदल तक्त्यात पाठ करायला दिले की मुले तक्ता म्हणून दाखवतात आणि वाक्य चुकवतात. आपले वाक्य नि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी ठेवून बोलणारा माणूस कुठे उभा आहे हे दाखवावे लागते. आणि त्यातले आपले वाक्य बेळगावकडच्या बोलीतलेच हवे. म्हणून हे काम इथल्या शिक्षकांनी करावे असे मी म्हणतो.

यात कन्नड माध्यमाच्या मुलांचाही फायदा आहे, हे आपण लक्षात घ्यावे. ‘ननगे इब्बरु तंगियरिद्दारे’ हे वाक्य ‘मला दोन बहिणी आहेत’ याच घडणीचे आहे. ‘नानु बरुत्तेने एंदु हेळिद’ (‘मी येतो म्हणून तो सांगितला’) यातही ‘नानु’, म्हणजे ‘मी’, जागचा हलत नाही. क्रियापद शेवटी, आणि इंग्रजीत नामाच्या आधी येणारा ‘इन’, ‘टू’सारखा शब्द आपल्याकडे नामाच्या नंतर, हे दोन्ही भाषांत सारखे आहे. त्यामुळे आराखडा एकच करून त्याच्या मराठी आणि कन्नड अशा दोन आवृत्त्या काढता येतील. बैलहोंगल किंवा धारवाडच्या शिक्षकालाही तो हवाच असेल.

आता साहित्याचे. दहावीच्या द्वितीय भाषा इंग्रजीच्या पुस्तकातली निवड चांगली आहे, हे मनापासून सांगतो. आर. के. नारायण यांचा स्वामी मुलांना लगेच आपला वाटतो. रस्किन बाँड यांची झाडावर चढणारी आजी तर इथल्या प्रत्येक वाडीत सापडेल. अडचण पुढे येते. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधले पोर्शियाचे दयेबद्दलचे भाषण कविता म्हणून दिले आहे. शायलॉक कोण, त्याने पौंडभर मांस का मागितले, पोर्शिया वकिलाच्या वेषात न्यायालयात कशी आली, हे माहीत नसेल तर त्या ओळींत दयेवरचा उपदेश तेवढा उरतो. मुले त्या ओळी गुणांसाठी तोंडपाठ करतात. नाटकाची गोष्ट मराठीतून चार पाने मिळाली आणि न्यायालयाचा प्रवेश वर्गात उभा करता आला, तर त्याच ओळी मुले जीव तोडून म्हणतात.

शेक्सपिअर बेळगावला परका नाही. ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले आणि काही काळ इथेच शिक्षक होते. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. ही परंपरा ज्या गावाची, तिथल्या मुलाने शेक्सपिअर ‘इम्पॉर्टंट क्वेश्चन’ म्हणून घोकावा याचे मला फार वाईट वाटते.

त्याच पुस्तकात एका म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्यावर जॅझची कविता आहे. ते वाद्य कसे वाजते हे माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने ऐकलेले नसते, आणि तो आवाज ऐकल्याशिवाय ती कविता उघडत नाही. पंडित रविशंकरांना ऐकण्याची आस लागलेल्या आजारी अनंतची गोष्टही आहे. तिथे सतार आणि तबल्याची पाच मिनिटे ऐकवली, आणि कुमार गंधर्व १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मले एवढे सांगितले, की सबंध तास बदलतो. विनायक कृष्ण गोकाक यांची भारतावरची कविता आहे. गोकाक कन्नडचे ज्ञानपीठ विजेते, आणि त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवले, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे ते प्राचार्य होते. कन्नड, मराठी मुलूख आणि इंग्रजी यांना जोडणारा याहून चांगला माणूस कुठला शोधायचा? शिक्षकाच्या हातात हे सगळे आयते असायला हवे. आज ज्याला आवड आहे तो रात्री जागून गोळा करतो, आणि ज्याच्यावर इतर विषयांचाही भार आहे तो गाईड उघडतो.

गाईडचेही ऐका. मराठीतून समजावलेले इंग्रजीचे गाईड हवे म्हणून पालक कोल्हापूरहून पुस्तके आणतात. ती महाराष्ट्र बोर्डाची असतात. धडे वेगळे, प्रश्नपत्रिकेची पद्धत वेगळी. इथे मिळणाऱ्या गाईडांत अर्थ कन्नडमध्ये असतो, आणि तेवढे कन्नड वाचण्याची सवय आमच्या सगळ्या मुलांना नसते. कन्नड ती शिकत आहेत, शिकलीच पाहिजेत, पण एक शिकत असलेली भाषा दुसऱ्या शिकत असलेल्या भाषेतून समजावणे हा त्यांच्यावर दुहेरी भार आहे. मग शेवटच्या दोन महिन्यांत पासिंग पॅकेज, म्हणजे पास होण्यापुरत्या निवडक प्रश्नोत्तरांचा संच, येते. ते कच्च्या मुलाला पास करते, याबद्दल मी त्याला नावे ठेवत नाही. पण तेच मूल जूनमध्ये बेळगावच्या पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात सायन्सला बसते, तिथे सगळी पुस्तके इंग्रजीत, आणि पहिल्या चाचणीनंतर ते गावी परतलेले मी पाहिले आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात किंवा गोव्यात कामाला जाणाऱ्या मुलालाही सूचनापत्र वाचता आले पाहिजे, अर्ज लिहिता आला पाहिजे.

पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडचा उपयोग होतो, पण कणकुंबी, जांबोटीकडच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात ना वीज टिकते ना नेटवर्क. ध्वनिफिती पेन ड्राइव्हवर भरून शाळेला द्याव्यात, सोबत बॅटरीवर चालणारा एक चांगला स्पीकर. प्रत्येक वर्गाला सोप्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट द्यावे, आणि ती पुस्तके हाताळून फाटली तर शिक्षकाकडून भरपाई घेऊ नये. भरपाईच्या भीतीने पुस्तके कुलपात राहतात.

असे काम कर्नाटकाने याआधी करून दाखवले आहे. प्राथमिक वर्गांत मुलांना खेळत, कृतीतून शिकवण्याची ‘नली-कली’ पद्धत १९९५ मध्ये मैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली. सरकारी शाळेतल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शाळेचे काम पाहिले आणि स्वतःच्या वर्गासाठी स्वतः कार्डे बनवली. पुढे ती पद्धत राज्यभर गेली. प्राथमिकला जे जमले ते हायस्कूलच्या इंग्रजीला का जमू नये? इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी बेंगळूरला १९६३ पासून प्रादेशिक इंग्रजी संस्था आहे. तिथले तज्ज्ञ, आमच्या डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते आणि मराठी व कन्नड माध्यमाचे अनुभवी शिक्षक मे महिन्यात एकत्र बसवले, तर व्याकरणाचे पुस्तक आणि धड्यांच्या टिपा यांचा पहिला मसुदा सुटीतच हाती येईल. छापण्याआधी तो वर्षभर काही शाळांत वापरून पाहावा. शिक्षकांनी समासात लिहिलेल्या दुरुस्त्या मागवून घ्याव्यात, आणि मगच पाठ्यपुस्तक संघाकडे द्यावा.

राज्यघटनेतले कलम ३५० अ मातृभाषेतून शिक्षणाची सोय प्राथमिक टप्प्यापुरतीच सांगते, हे मला माहीत आहे. म्हणून मी हक्काची भाषा करत नाही. मराठी बोलणारी ही मुले कर्नाटकाचीच आहेत, राज्याच्याच परीक्षेला बसतात, आणि त्यांना इंग्रजी यावे असे आपल्यालाही वाटत असणार. त्या भरवशावर लिहिले आहे.

कार्यशाळेसाठी खानापूर, बेळगाव आणि निपाणीकडचे शिक्षक सुटी सोडून यायला तयार आहेत. मानधन नको, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च तेवढा द्यावा. एप्रिल संपण्याआधी डीडीपीआय (शिक्षण उपसंचालक) कार्यालयांना तसे पत्र गेले तर प्रत्येक तालुक्यातून नावे कळवता येतील.

आपला विश्वासू,
इंग्रजीचा एक शिक्षक,
मराठी माध्यम हायस्कूल, खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव