आमच्या माळावर झाडे लावू नका

मा. वनमंत्री,
कर्नाटक राज्य, विधानसौध, बेंगळुरू यांस,
स. न. वि. वि.

वनमंत्र्यालाच 'झाडे लावू नका' म्हणून लिहिणारा माणूस तुम्हाला क्वचितच भेटत असेल. तरी पत्र शेवटपर्यंत वाचावे. ते मराठीत आहे, कारण कन्नड मी वाचतो, बाजारात बोलतो, पण मंत्र्याला लिहायचे म्हटले की हात अडखळतो. तुमच्या कचेरीत कोणीतरी वाचून दाखवीलच.

मी हुक्केरी तालुक्यातला. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. उताऱ्यावर त्याची नोंद 'खराब'. मुरूम, खडक आणि पावसाळा सरता सरता गुडघाभर कुसळी गवत, एवढेच तिथे पिकते. दसऱ्याला आम्ही सीमोल्लंघनाला तिकडेच जातो आणि दर वर्षी त्याच सुमाराला आमच्या आधी कोणीतरी सीमा ओलांडून आलेले असते. गावात त्याला सगळे घारच म्हणतात. तो असतो भोवत्या, थंडीत परदेशातून येणारा शिकारी पक्षी.

घार उंच घिरट्या घालते. भोवत्या गवताच्या शेंड्यांवरून पुरुषभर उंचीने जातो, पंख जरा वर उचलून, डुलत डुलत, हरवलेली किल्ली शोधावी तसा. एवढे लक्षात आले की घार नव्हे हे कळते. पुढचे, म्हणजे तो कुठल्या जातीचा भोवत्या हे ओळखणे, अवघड. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर राखाडी, पंखांची टोके काळी आणि पंखावर काजळाचे बोट ओढल्यासारखी एक काळी रेघ. पांढुरक्या भोवत्याचा नर आणखी फिका, त्याला रेघ नसते, टोकाशी नुसती काळी पाचर. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्ले मात्र दोन्हींकडची तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. पांढुरकीच्या गळ्याशी फिकट कंठी असते, दुसरीच्या नसते. पण ही कंठी दिसायला तिने तोंड तुमच्याकडे वळवायला हवे, आणि ती बघत असते नाकतोड्याकडे. माझ्या वहीत निम्म्या नोंदी 'भोवत्या, मादी, कुठली ते कळले नाही' अशाच आहेत. दलदली भोवत्या तेवढा थोराड म्हणून सुटतो. मादीच्या डोक्यावर पिवळट टोपी असते. तो हिडकल धरणाच्या फुगवट्याकडे जास्त दिसतो.

हे पक्षी कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ मैदानांतून येतात. पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रे बसवून शास्त्रज्ञांनी त्यांची वाट शोधली आहे. मार्च-एप्रिलपर्यंत ते इथे राहतात आणि आमच्या शेतांतले नाकतोडे खातात, फवारणीचा खर्च न मागता.

आता खरी गोष्ट. भोवत्या झाडावर झोपत नाही. दिवसभर दूरदूरवर शिकार करून सूर्य कलला की ते एकेक करून माळावर येतात, बराच वेळ गवतावर फिरतात, खात्री पटली की जमिनीवर उतरतात आणि गवतातच रात्र काढतात. एकटे नाही, अनेक जण. पक्षी बघणारे याला रातथारा म्हणतात. गुजरातेतल्या वेळावदरचा रातथारा जगातल्या सर्वांत मोठ्यांत मोजला जातो. आमचा त्याच्यापुढे काहीच नाही, पण दोन्ही हातांची बोटे मोजून संपतात आणि आकाशात अजून पक्षी असतात. सकाळी ते उडून गेल्यावर तिथे त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या सापडतात. फोडून बघा, नाकतोड्यांचे पाय निघतात.

माळाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की पुढच्या रविवारी चार गाड्या थेट गवतात घुसतील.

गेल्या पावसाळ्यात माळाच्या एका अंगाला रांगेने खड्डे पडले. काशीद आणि गुलमोहोर लागला, फलक लागला, फोटो झाले. कोणी केले ते सांगत बसत नाही, हेतू चांगलाच होता. पण त्या अंगाला मागच्या हिवाळ्यात एकही भोवत्या उतरला नाही. ज्याला चहूकडचे दिसल्याशिवाय झोप येत नाही, तो रोपांच्या आणि कुंपणाच्या मधे कशाला उतरेल? झाडे वाढली तर सावलीत गवतही विरेल, मग धनगरांची बकरी कुठे जाणार, हा प्रश्न वेगळाच.

माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, अशी एक समजूत आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही गवताळ आणि झुडपी जमिनी 'पडीक' म्हणूनच रंगवतात. तुमच्याच राज्यात जुन्या म्हैसूरकडे मात्र अमृतमहाल गुरांसाठी गवताचे 'कावल' राखून ठेवले गेले. गवत राखायचे असते, हे ज्या राज्याला इतके जुने ठाऊक आहे, त्याने बेळगाव जिल्ह्यातल्या माळाला खराब म्हणावे याचे मला नवल वाटते.

मागणे फार नाही. वृक्षारोपणाच्या याद्या होण्याआधी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एकदा संध्याकाळी माणूस पाठवून माळ बघा. जिथे भोवत्ये उतरतात तिथे खड्डे नकोत. झाडे लावायचीच असतील तर नाल्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात लावा, पाणी घालायला मी येतो.

डिसेंबरात अधिवेशनासाठी तुम्ही सुवर्ण विधानसौधला याल. (थंडीत बेळगावला येऊन थोडे दिवस राहून परत जाणारे तुम्हीही, म्हणून पाहुण्यांची अडचण तुम्हाला कळेल असे वाटते.) महामार्गाने तासाभराची वाट आहे. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, साडेचारपर्यंत पोचावे. गाड्यांचा ताफा फाट्यावर थांबवावा, पुढे चालत जाऊ. पांढरा शर्ट तेवढा टाळा, लांबून दिसतो. आणि मोज्यांत कुसळे जातील, त्याची तयारी ठेवा.

आपला,
हुक्केरी तालुक्यातला एक शेतकरी